रात्रीच्या कबड्डीचे फोटो बिघडतात. बॉडी बदलू का?

दिवाळी सरली की रात्रीच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात, आणि पंधरा दिवसांत माझ्या फोनवर तो फोटो येतो. पाठवणारा दर वेळी वेगळा, दुखणं एकच. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावलेला, मागून कोपऱ्यातल्या पोराने त्याचा घोटा धरलेला, क्षण अगदी नेमका टिपलेला. आणि चेहऱ्याच्या जागी पिवळट पिठलं. खाली एक ओळ: "दादा, ह्या कॅमेऱ्याने होत नाही. कुठली बॉडी घेऊ?"

बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा. मी लगेच उत्तर देत नाही. आधी मूळ फाईल मागतो, तीही व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवलात तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि शटर (फोटो टिपायला लागलेला वेळ) किती होतं, आयएसओ (मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा) किती होता, लेन्स कुठली होती हे सगळं पुसून टाकतं. नाडी न बघता औषध लिहून देण्यासारखं होतं ते.

कारण फोनच्या स्क्रीनवर चार वेगवेगळे आजार एकसारखेच दिसतात. खेळाडू हलल्यामुळे फोटो पुसट होतो, दाण्यांमुळे (कमी उजेडात फोटोवर येणाऱ्या खरखरीमुळे) होतो, फोकस चुकल्यामुळे होतो आणि लाईट लुकलुकल्यामुळेही बिघडतो. यातला पहिला आजार कितीही महाग बॉडी घेतलीत तरी बरा होत नाही. दुसरा थोडासा होतो. तिसऱ्या आणि चौथ्यासाठी मात्र बॉडी खरंच कामाला येते. लोक नेमके पहिल्या दोन कारणांसाठी पैसे घालतात.

मीही घातलेत. क्रॉप सेन्सरची (उजेड टिपणारी चिप लहान असलेली) साधी बॉडी होती, किटबरोबर आलेली लांब झूम होती, टोकाला एफ/५.६ वाली (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). मुदतठेव मोडली, फोर्टात बोरा बाजारात तीन चकरा मारल्या आणि सेकंडहँड फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी, घेऊन आलो. लेन्ससाठी पैसे उरले नव्हते, म्हणून त्याच तोडीची एफ/५.६ वाली जुनी झूम एका मित्राकडून उसनी आणली. पहिल्याच रात्री कळलं की फोटो थोडे बरे येताहेत, पण 'थोडे'च. आणि एक नवीनच गोष्ट दिसायला लागली होती: एकाच चढाईतल्या सात फ्रेम, आणि सातही वेगळ्या रंगाच्या. एक पांढरी, एक शेवाळी, एक अर्धी तपकिरी. खरं तर ते आधीच्या बॉडीतही होत असणार. दाण्यांच्या गर्दीत माझं लक्ष गेलं नव्हतं एवढंच.

आधी फाईल उघडून नीट बघा

संगणकावर फोटो शंभर टक्के मोठा करा. चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी मॅटकडे बघा. मॅटवरच्या रेषा, पंचाचे बूट, मागच्या प्रेक्षकांच्या शर्टाच्या गुंड्या. चढाईपटू पुसट आहे पण त्याच्या मागच्या प्रेक्षकाची मिशी मोजता येते आहे? मग फोकस मागे गेलाय. चढाईपटूचं धड स्वच्छ आहे, फक्त हात आणि पाय ओघळलेत? शटर कमी पडलं. काहीच ओघळलेलं नाही, फोकसही जागेवर आहे, पण त्वचा मेणाच्या पुतळ्यासारखी गुळगुळीत? कॅमेऱ्याने जेपेग बनवताना दाणे मारण्याच्या नादात चेहराही मारलाय. रॉ फाईल (कॅमेऱ्याने काहीही न घासलेली मूळ नोंद) असेल तर तो परत मिळतो. आणि वरची पट्टी उजळ, खालची काळपट-पिवळी असेल तर दोष लाईटचा.

एकाच फोटोवर निकाल देऊ नका. एका सामन्यातल्या पन्नास फ्रेम बघा आणि कागदावर चार रकाने करून रेघा मारा. ज्या रकान्यात रेघा जास्त, तो तुमचा आजार. मी स्वतः हे केलं तेव्हा सगळ्यात जास्त रेघा 'हलला' खाली पडल्या होत्या. मुदतठेव तोवर मोडून झाली होती.

हलणं, आणि आयएसओची भीती

हिशोब सोपा आहे. चढाईपटू सेकंदाला पाच मीटर वेगाने परत फिरतोय असं धरा. १/२५० सेकंदात तो दोन सेंटीमीटर सरकतो. १/१००० मध्ये अर्धा सेंटीमीटर. तुमच्या फ्रेममध्ये पाच मीटर रुंदी मावते आणि फोटो सहा हजार पिक्सेल रुंद आहे, तर दोन सेंटीमीटर म्हणजे चोवीस पिक्सेलचा ओघळ. अर्धा सेंटीमीटर म्हणजे सहा. हाताचा फटका धावण्यापेक्षाही वेगाचा असतो. त्यामुळे कबड्डीला १/८०० च्या खाली मी उतरत नाही, जमलं तर १/१०००.

मग लोक १/२५० वर का थांबतात? आयएसओ वाढेल म्हणून. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की १६०० च्या वर जाऊ नको. ते दहा-पंधरा वर्षांपूर्वी ठीक होतं. आज कमी आयएसओवर काळा आलेला फोटो नंतर ओढून उजळ केलात तर दाणे जास्तच दिसतात. त्यापेक्षा ६४०० वर नीट उजेड घेतलेला फोटो कितीतरी बरा. आणि दाणे असलेला फोटो पेपरात तीन कॉलममध्ये छापून येतो, हललेला कुठेच येत नाही. मॅन्युअल मोड, शटर १/१०००, अपर्चर (लेन्सचं तोंड) पूर्ण उघडं, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा १२८००. एवढं लावून एक सामना काढा. अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच मिटतो.

दाणे: बॉडी आणि लेन्स यांचा खरा हिशोब

दाणे मुख्यतः कॅमेऱ्यातून येत नाहीत, उजेडाच्या टंचाईतून येतात. सेन्सरवर उजेड कमी पडला की दाणे दिसणारच. मग उजेड वाढवायचे रस्ते दोन: मोठा सेन्सर किंवा मोठं तोंड असलेली लेन्स.

फुलफ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ निकॉन-सोनीच्या क्रॉप सेन्सरच्या सव्वादोन पट. म्हणजे जेमतेम सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कॅननचा क्रॉप सेन्सर थोडा लहान, तिथे फायदा किंचित जास्त. आता लेन्सचं बघा. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलात की उजेड चौपट, म्हणजे दोन स्टॉप. एफ/१.८ वर गेलात तर जवळजवळ दहापट.

हेच आकड्यांत मांडतो, कारण माझी मुदतठेव ह्या आकड्यांत गेली. समजा मैदानावर एफ/२.८ आणि १/१००० ला आयएसओ ६४०० लागतो. तिथेच एफ/५.६ ची झूम लावली तर २५६०० लागेल. फुलफ्रेमवर २५६०० चे दाणे क्रॉपवरच्या साधारण ११००० इतके दिसतात. आणि जुन्याच क्रॉप बॉडीवर ५० मिमी एफ/१.८ लावली असती, तर आयएसओ लागला असता २६०० च्या आसपास. म्हणजे कंपनीच्या यादीतली जवळपास सगळ्यात स्वस्त लेन्स जुन्या बॉडीला लावून मी फुलफ्रेम आणि झूमच्या जोडीपेक्षा दोन स्टॉप पुढे गेलो असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप: ५० मिमी पुरते का? क्रिकेटला नाही पुरत. कबड्डीला पुरते. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. अंतिम रेषेमागे कोपऱ्यात मांडी घालून बसलात तर मध्यरेषा साडेसहा मीटरवर. आठ मीटरवरच्या खेळाडूकडे क्रॉप बॉडीवरची ५० मिमी रोखली की फ्रेममध्ये पावणेचार मीटर रुंदी मावते, म्हणजे चढाईपटू आणि त्याला लटकलेले तिघे. ८५ मिमी लावलीत तर सव्वादोन मीटर, एकट्या माणसाला छान. फुलफ्रेम असेल तर ८५ च योग्य. बॅडमिंटनलाही हेच चालतं. कुस्तीच्या आखाड्यात बसायला जागा कुठे मिळते त्यावर सगळं, तिथे ७०-२०० एफ/२.८ शिवाय माझं तरी भागत नाही.

मेगापिक्सेलबद्दल एक वाद कायम असतो. कमी मेगापिक्सेल म्हणजे कमी दाणे हे अर्धंच खरं आहे. एकाच पिढीच्या, एकाच मापाच्या २४ आणि ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरमधून काढलेले फोटो एकाच मापात छापले, तर कबड्डीला लागणाऱ्या आयएसओवर दाण्यांत फारसा फरक नसतो. ४५ चा खरा त्रास कार्ड आणि हार्डडिस्क लवकर भरण्याचा. आणि दुसरं, ज्याचं विक्रेते कधी नाव काढत नाहीत: २०१४ च्या आसपासच्या चांगल्या फुलफ्रेम सेन्सरमध्ये आणि आजच्यात दाण्यांच्या बाबतीत फार मोठी उडी नाही. निकॉन डी७५० त्या वर्षीचा. त्याची रॉ फाईल ६४०० वर आजही मान खाली घालायला लावत नाही. उडी झाली ती फोकसमध्ये आणि वेगात. दाण्यांवर तर २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेलं एआय डीनॉईज नव्या बॉडीपेक्षा जास्त काम करतं, फक्त रॉ फाईल हवी आणि संगणकाला थोडा दम हवा.

लाईट: ज्यावर सगळ्यात कमी बोललं जातं

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे त्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. १/१००० च्या शटरला कळतं, कारण दिव्याचा एक हेलकावा दहा मिलिसेकंदांचा आणि तुमचं शटर त्यातला एकच मिलिसेकंद उचलतं. तो तेजाचा निघाला तर फोटो पांढरा, मंदीचा निघाला तर काळपट. शिवाय शटरचा पडदा फ्रेमभर वरून खाली सरकायला साधारण चार मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात दिवा मंद झाला की एकाच फोटोचा वरचा भाग उजळ आणि खालचा तपकिरी.

दिव्याच्या जातीवर बरंच अवलंबून. जुना खरा हॅलोजन, म्हणजे तार तापून लाल होणारा, तो फारसा लुकलुकत नाही, कारण तार तेवढ्यात थंडच होत नाही. मेटल हॅलाइड, ज्याला मंडपवाले सरसकट 'हॅलोजन' किंवा 'मेटल' म्हणतात आणि जो पेटायला पाच मिनिटं लावतो, तो उजेडाबरोबर रंगही बदलतो. माझ्या सात फ्रेमचे सात रंग त्याचेच. एलईडी फोकसचं नशिबावर. चांगला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) असेल तर स्थिर, स्वस्तातला असेल तर मेटलपेक्षाही वाईट. वरळीचा एनएससीआय डोम किंवा बालेवाडी इथे प्रो कबड्डी झालीय. तिथे टीव्हीसाठी लावलेल्या उजेडात काढलेले फोटो बघून शाळेच्या पटांगणासाठी बॉडी ठरवू नका.

तपासायचं कसं? सामन्याच्या आधी दिवे पेटले की फोनवर स्लो मोशन व्हिडिओ लावा, २४० फ्रेमवाला, आणि दिव्याकडे नको, रिकाम्या मॅटकडे रोखा. मॅट धडधडताना दिसली तर लाईट लुकलुकतोय. मग कॅमेऱ्यावर १/१००० ला रिकाम्या मॅटचे पंधरा फोटो सलग काढा आणि पडद्यावर नऊ-नऊच्या चौकटीत एकत्र बघा. सगळे एकसारखे दिसले तर तुम्ही भाग्यवान. पांढरा-पिवळा-काळा असा पत्त्यांचा डाव दिसला तर पुढचं वाचा.

पहिला उपाय फुकट आहे, आणि मला तो एका वायरमनने शिकवला. एका स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला सहज विचारलं, "काल रात्री लाईट उड्या का मारत होते हो?"

तो म्हणाला, "उड्या नाही साहेब. सगळा लोड एकाच फेजवर होता. आज वाटून टाकतो. नाहीतरी काल न्यूट्रल तापला होता."

वाटला, आणि त्या रात्री माझे फोटो निम्म्याहून अधिक सुधारले. कारण साधं आहे: तीन फेजचे हेलकावे एकामागून एक येतात. एक दिवा मंद असतो तेव्हा दुसरा तेजात असतो, आणि मॅटवर पडणारा एकूण उजेड बराच सपाट होतो. पण यात एक मेख आहे. हा खांब एका फेजवर, तो खांब दुसऱ्या फेजवर असं वाटलं तर मैदानाचा प्रत्येक कोपरा आपापल्या तालावर लुकलुकतो. एकाच खांबावरचे शेजारचे तीन दिवे तीन फेजवर असले पाहिजेत. अर्थात हे त्यानेच करायचं, आपण वायरला हात लावायचा नाही. आपण संध्याकाळी लवकर जाऊन चहा पाजायचा आणि विचारायचं. सिंगल फेज जनरेटर असेल तर हा मार्ग बंद.

तिथून पुढे बॉडीचं काम. कॅननने २०१४ मध्ये ७डी मार्क २ मध्ये अँटी-फ्लिकर आणलं. कॅमेरा आतल्या आत दिव्याचा हेलकावा ओळखतो आणि तेजाच्या क्षणीच शटर सोडतो. निकॉन डी५०० मध्ये ते २०१६ ला आलं, कॅननच्या ८०डी आणि ५डी मार्क ४ मध्येही त्याच वर्षी. सोनीच्या ए७ थ्रीमध्ये आहे. सलग फोटोंचा वेग थोडा कमी होतो आणि बटण दाबल्यावर किंचित थांबल्यासारखं वाटतं, पण रंग एका ओळीत येतात. वर उजेड कायम टोकावरचा मिळतो, म्हणजे तोही थोडा जास्तच. कबड्डी-कुस्तीसाठी बॉडी घेताना मी मेगापिक्सेलच्या आधी ही एक ओळ शोधतो. माझ्या फुलफ्रेममध्ये ती नव्हती आणि घेताना मला विचारायचं सुचलंही नव्हतं.

मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घेतलात तर आणखी एक सापळा. आवाज नको म्हणून किंवा सेकंदाला वीस-चाळीस फ्रेमच्या मोहाने लोक इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता सेन्सरवरूनच फोटो वाचणारं) लावतात. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग लागतो. तेवढ्या वेळात दिवा पाच-सहा वेळा पडतो-उठतो, आणि फोटोवर तितके आडवे पट्टे उमटतात, चादरीसारखे. शिवाय वेगाने फिरलेला हात वाकडा. फोटोत मोजून पाच-सहा रुंद पट्टे दिसले तर बॉडी विकायला काढू नका, मेन्यूत जाऊन मेकॅनिकल शटर लावा. हा सल्ला गेल्या वर्षी एकाच आठवड्यात तिघांना दिलाय.

पट्टे बारीक आणि पुष्कळ असतील तर मात्र प्रकरण वेगळं. तो एलईडी शंभराच्या नव्हे, खूप वरच्या गतीने लुकलुकतोय, बहुतेक एलईडी गुणफलक किंवा जाहिरातीचा पडदा. साधं अँटी-फ्लिकर तिथे चालत नाही. निकॉन झेड६ थ्री, सोनी ए१ अशा काही नव्या बॉडींमध्ये शटरचा वेग अगदी बारीक पायऱ्यांनी बदलून त्या गतीशी जुळवायची सोय आहे. ती नसेल तर पडदा फ्रेमबाहेर ठेवून बसायची जागा बदला.

फोकस: इथे खरे पैसे लागतात

जाहिरातीत लिहिलेलं असतं, उणे साडेसहा ईव्हीपर्यंत, म्हणजे जवळजवळ अंधारातही फोकस. हा आकडा ज्या अटींवर मोजतात त्या तळटीपेत असतात: एफ/१.२ ची लेन्स, मधला फोकस पॉइंट, आणि एकदाच फोकस करायचा मोड. तुमच्याकडे एफ/५.६ ची झूम, खेळाडू धावतोय, फोकस सतत चालू. म्हणजे तो आकडा तुमच्यासाठी लिहिलेलाच नाही. कॅमेरा फोकस करतो तेव्हा लेन्सचं तोंड जेवढं मोठं तेवढा त्याला उजेड दिसतो, म्हणून उजळ लेन्स इथेही आधी.

ती असूनही चुकत असेल, तर बॉडीचा विचार करायला हरकत नाही. सुरुवातीच्या पायरीच्या, स्वस्त डीएसएलआरमध्ये (आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) नऊ किंवा अकरा पॉइंट असतात आणि त्यातला मधला एकच खरा कामाचा. कबड्डीत मधला पॉइंट चढाईपटूवर धरून ठेवणं म्हणजे सर्कस. साखळी करून बचावपटू मध्ये येतात आणि फोकस उडी मारून त्यांच्या बनियनवर बसतो. तुमच्या बॉडीत मधे काही आडवं आल्यावर किती लवकर नवीन गोष्ट धरायची याची सेटिंग असेल तर ती 'उशिरा' वर ठेवा; कॅनन, निकॉन, सोनी तिघांच्याही वरच्या बॉडींमध्ये ती वेगवेगळ्या नावांनी आहे. फोकस शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या बटणावर न्या. एवढं करून दोन सामने काढा आणि मगच दुकानात जा.

मिररलेसमध्ये चेहरा आणि डोळा ओळखून धरून ठेवण्याची सोय आली आणि माझ्या मते गेल्या दहा वर्षांत खेळाच्या फोटोत झालेला सगळ्यात मोठा बदल तोच. कॅननचा आर६ २०२० चा, आर६ मार्क २ २०२२ चा, निकॉन झेड६ थ्री २०२४ चा. मी ह्यातली एक बॉडी एका रात्रीपुरती भाड्याने आणली, त्याच मैदानावर, त्याच ८५ मिमी लेन्सने. चढाईपटू पाठमोरा वळला की डोकं धरायची, पुन्हा समोर आला की डोळा. आधी पाचातला एखादा फोटो जागेवर यायचा, त्या रात्री पाचातले चार येत होते. दाणे मात्र जवळपास तेवढेच होते.

लेन्सचा विचार करूनच कंपनी निवडा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स ॲडॅप्टरवर नव्या आर बॉडींवर छान चालतात. निकॉनचं तसं सरळ नाही. घरात जुनी ८०-२०० एफ/२.८ डी किंवा ८५ एफ/१.८ डी असेल, तर त्या लेन्सना स्वतःची मोटर नाही, त्या बॉडीतल्या मोटरवर चालतात, आणि जुन्या लेन्स मिररलेस झेड बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. झेड बॉडीवर हाताने फोकस करत बसावं लागेल. डी३५०० किंवा डी५६०० लाही ती मोटर नाही.

बरं, मग कुठली?

साधी क्रॉप बॉडी आणि किट लेन्स असेल तर बॉडी घेऊच नका. ५० किंवा ८५ एफ/१.८ घ्या आणि एक हंगाम काढा.

ते करून झालं असेल, पैसे बेताचे असतील आणि लाईट लुकलुकणारे असतील, तर सेकंडहँड डी५००. सेकंदाला दहा फ्रेम, फ्रेमभर पसरलेले फोकस पॉइंट, अँटी-फ्लिकर. ७डी मार्क २ त्याहून स्वस्तात मिळतो, पण ६४०० वर त्याचे दाणे मला आवडत नाहीत. कॅननच्या लेन्स असतील तरच. दोन्हीचं शटर दोन लाख क्लिकसाठी बनवलेलं आहे, तेव्हा घेताना क्लिक किती झालेत ते बघा, आणि दुकानातच १/१००० ला वीस फोटो सलग काढून प्रत्येक फ्रेमच्या कडा तपासा. थकलेलं शटर एका कडेला काळी पट्टी सोडतं, आणि घरी आल्यावर तुम्ही तिला लाईटचा दोष समजत बसाल.

खेळाचे फोटो हेच पोटापाण्याचं साधन असेल, तर आर६ मार्क २ किंवा झेड६ थ्री, हातात कुठल्या लेन्स आहेत त्यावरून. मी आज शून्यातून सुरुवात केली तर झेड६ थ्री घेईन, फक्त आधी एक रात्र भाड्याने वापरून. कार्डावर काटकसर करू नका. पंचवीस एमबीच्या रॉ फाईल सेकंदाला दहा म्हणजे अडीचशे एमबी, आणि जुन्या यूएचएस-१ कार्डाची कमाल मर्यादाच १०४ एमबी. बोनसलाच सलग फोटो झोडत बसाल तर पकडीच्या वेळी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरलेला असेल.

सोनी ए९ थ्रीबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. २०२३ मध्ये जाहीर झाला, पूर्ण फ्रेम एकाच क्षणी टिपतो, म्हणून पट्टे नाहीत आणि वाकडे हात नाहीत. पण दिवा मंद असताना टिपलेली फ्रेम पूर्णच्या पूर्ण काळपट येणार; पट्टा गेला तरी फ्रेमागणिक उजेड बदलायचा राहतोच, त्यासाठी अँटी-फ्लिकर तिथेही लावावंच लागतं. त्याचा मूळ आयएसओ २५० पासून सुरू होतो आणि दाण्यांत तो साध्या सेन्सरच्या किंचित मागेच आहे. स्टेडियममध्ये सोनं. आपल्या पटांगणावर त्या पैशात एक चांगली बॉडी, ८५ आणि ७०-२०० एफ/२.८ असं सगळं बसतं.

तरीही अडलंच तर फाईल पाठवा. डॉक्युमेंट म्हणून, सलग पाच फ्रेम, निवडलेल्या नकोत. सोबत लिहा: दिवे मेटल होते की एलईडी, लाईन होती की जनरेटर, आणि तुम्ही बसला होतात कुठे.